बंडीभर खताचा हिशेब

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर सकाळी जिप्सींची रांग लागते, त्याच सुमाराला आसपासच्या गावांत ढोरांचे कोठे झाडले जात असतात. त्या शेणाबद्दल हल्ली एक बोलणं ठरून गेलंय: गाव बफरमध्ये गेलं, चराई आवळली, वाघाच्या धाकानं ढोरं कमी झाली, आता शेणखत आणायचं कुठून? आणि आणलं तरी त्यात असतं काय? त्यापेक्षा युरियाचं पोतं बरं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यातले आकडे खरे आहेत. युरियात ४६ टक्के नत्र. ४५ किलोच्या पोत्यात जवळपास २१ किलो. शेणखतात ते जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे एका पोत्याच्या बरोबरीला चार टन खत वाहायचं, आणि त्यातलंही सगळं पहिल्या हंगामात पिकाला लागू होत नाही. शेणखतवाल्यांनी हे खुशाल कबूल करावं. नुसत्या शेणखतावर जास्त उताऱ्याच्या धानाची भूक भागते, असं मीही म्हणणार नाही.

पण हिशेब झाला तो एकट्या नत्राचा. त्या चार टनांसोबत स्फुरद, पालाश, जस्त येतं. कुजलेला काडीकचरा येतो. बांधीत दरसाल चिखलणी होते, मातीची घडण मोडते. धान निघाल्यावर तीच माती दगडासारखी आवळते आणि आपल्याला तिच्यात लाखोळी नाहीतर हरभरा पेरायचा असतो. तिला भुसभुशीत करणारं, ओल धरून ठेवणारं पोतं कुठल्या कृषी केंद्रात मिळतं?

‘शेणखतानं तण माजतं, हुमणी लागते’ हा आक्षेपही खोटा नाही, फक्त पत्ता चुकलाय. हे गुण उकिरड्यावरून उचललेल्या कच्च्या शेणाचे. नीट कुजताना ढीग तापतो, तणाचं बरंचसं बी त्यातच मरतं.

आता ढोरांचं. ढोर दिवसभर जंगलात चरत होतं, तेव्हा त्याचं बरंच शेण जंगलातच पडत होतं. कोठ्यात बांधलं तर सगळं घरी राहतं, मूतसुद्धा. ढोराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा निम्म्याजवळ वाटा मुतात असतो आणि आपण तो नालीत सोडतो. खाली तणीस अंथरावं, ते शोषून घेतं. मात्र नुसत्या तणसावर ढोर पोसत नाही. चराई बंद करून चाऱ्याचा भार एकट्या गावाच्या गळ्यात टाकणं मला अन्यायाचंच वाटतं. तिथं शेतकऱ्याची तक्रार सोळा आणे खरी.

ढोरं दोनच उरली, तरी वाट आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी ती आपल्याच विदर्भात दाखवली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भोकं ठेवलेलं विटांचं टाकं. आत काडीकचरा, माती आणि शंभरेक किलो शेण. तीन-चार महिन्यांत त्यातून टनांनी खत निघतं. तुरीच्या काड्या, खराब तणीस, निंदणाचं गवत सगळं चालतं. जंगलातला पाला ओढून आणायची गरज नाही.

राहिला आपला स्वतःचा दोष. उन्हाळ्यात बंडीनं खत नेऊन बांधीत ढीग घालतो आणि मृगापर्यंत उन्हात तसंच ठेवतो. नत्र उडून जातं, अवकाळीच्या सरीत उरलंसुरलं वाहतं. मग पिकाला लागत नाही म्हणून खतालाच नावं ठेवतो. ज्या दिवशी पसरायचं, त्याच दिवशी वखर घालून मातीआड केलं असतं तर?