कर्ज बँकेचे, जोखीम जनतेची

रायपूरच्या पुरानी बस्तीत गच्चीवर वाळत घातलेल्या धान्यावर आणि कपड्यांवर काळी पूड बसते, ही तक्रार त्या शहरात आता जुनी झाली आहे. महामाया मंदिर आणि बूढा तालाब यांच्या परिसरात पिढ्यान् पिढ्या नांदत आलेल्या या वस्तीत ती पूड निर्माण होत नाही. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा येथे कोळशावर लोहखनिज भाजून स्पंज आयर्न तयार करणाऱ्या भट्ट्या आहेत, त्यांच्या धुराड्यांतून ती येते. धूळ पकडणारी यंत्रे वीज खातात, म्हणून रात्री ती बंद ठेवली जातात, असे रहिवासी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ सालच्या पाहणीत कोरबा अतिप्रदूषित क्षेत्रांमध्ये होते. २०१८ च्या पाहणीत सिलतरा त्या पंक्तीला जाऊन बसले. हे सारे सर्वश्रुत आहे. मात्र ही धुराडी उभी राहिली ती कोणाच्या पैशावर, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर सरळ आहे: फार मोठ्या प्रमाणात बँकांच्या, म्हणजेच कोट्यवधी सामान्य ठेवीदारांच्या पैशावर.

बँकांच्या वर्तुळात हल्ली ‘सामाजिक आणि पर्यावरणीय जोखमीचे व्यवस्थापन’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. रिझर्व्ह बँकेने २० डिसेंबर २००७ रोजी परिपत्रक काढून कर्जवाटपात या बाबींचा विचार करण्याचे आणि त्यासाठी संचालक मंडळाच्या संमतीने कृतियोजना आखण्याचे बँकांना सुचविले होते. परिपत्रकाची भाषा निर्दोष होती. उणीव होती ती सक्तीची. विचार न करणाऱ्या बँकेचे काय होईल, याविषयी ते मौन बाळगून होते. सूचना आणि सक्ती यांतील हेच अंतर भांडवलदार वर्गाच्या पथ्यावर पडते.

त्याहूनही मूलभूत प्रश्न असा आहे की ही जोखीम कोणाची? बँकेच्या शब्दकोशात जोखीम म्हणजे कर्ज बुडण्याची शक्यता. भट्टीवरील कंत्राटी कामगाराची फुप्फुसे, शेतावर बसणारी राख, खाणीत गेलेले गाव यांची नोंद तिच्या खातेवहीत होत नाही. न्यायालयाने प्रकल्प थांबवला किंवा जनतेने रस्ता अडवला, म्हणजेच धनकोच्या पैशाला झळ पोहोचली, की मगच ती होते. जनतेच्या दृष्टीने जे वर्षानुवर्षांचे वास्तव असते, ते बँकेच्या दृष्टीने ‘अनपेक्षित घटना’ ठरते.

मोनेट इस्पात अँड एनर्जी या कंपनीचे उदाहरण पाहावे. रायपूरजवळ मंदिर हसौद आणि पुढे रायगढ येथे कारखाने उभारणाऱ्या या कंपनीला बँकांनी हजारो कोटींची कर्जे दिली. त्यांमागे हिशेब होता तो सरकारकडून मिळालेल्या कोळसा खाणींचा. ते खाणवाटप मनमानी आणि बेकायदेशीर असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २१८ पैकी २१४ वाटपे रद्द केली. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरीच्या कारवाईसाठी निवडलेल्या पहिल्या बारा मोठ्या खात्यांत मोनेटचे नाव होते. २०१८ साली कंपनी नव्या मालकांकडे गेली, तेव्हा सुमारे ११,००० कोटी रुपयांच्या मान्य दाव्यांपैकी बँकांच्या हाती जेमतेम एक चतुर्थांश रक्कम पडली. खाणवाटपातील गैरव्यवहार हा कर्ज देतानाच तपासण्याचा विषय होता. तो तपासला गेला नाही, आणि किंमत मोजली ती सार्वजनिक भांडवलाने.

हा एखाद्या कारखान्यापुरता अपवाद नव्हे. २०१४-१५ पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली, अशी माहिती सरकारनेच २०२३ साली संसदेत दिली. त्यांपैकी ७.४० लाख कोटी मोठ्या उद्योगांची आणि सेवा क्षेत्राची होती. निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे, असे अर्थमंत्रालय सांगते. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे. परंतु पीककर्ज थकलेल्या शेतकऱ्याच्या दारात जप्तीची नोटीस लागते आणि येथे हिशेबाची पाने स्वच्छ केली जातात, हा फरक कष्टकरी जनतेला समजावून सांगण्याची गरज नाही.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे आणि १९८० साली आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यामागे बँक कर्मचाऱ्यांच्या आणि लोकशाही शक्तींच्या दीर्घ लढ्याचा वाटा होता. परंतु मालकी बदलली म्हणजे नियंत्रण बदलतेच असे नाही. सार्वजनिक बँकेच्या कर्जसमितीत जनतेचा आवाज नसेल, तर ती बँक सार्वजनिक पैशाने खाजगी नफ्याची सोय करणारी संस्था होऊन बसते.

या संदर्भात मणिबेलीचा धडा महत्त्वाचा आहे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. बुडिताखाली प्रथम येणाऱ्या गावांपैकी अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे एक आदिवासी गाव. तेथील लोक आणि खोऱ्यातील इतर विस्थापित यांच्या लढ्यामुळे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. १९९२ च्या त्या अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही आघाड्यांवरील अपयश उघडे केले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज न उचलण्याचे ठरवले आणि त्याच वर्षी जागतिक बँकेला तक्रारींसाठी निरीक्षण मंडळ स्थापावे लागले. वित्तसंस्थांचे आजचे नियम साम्राज्यवादी भांडवलाच्या सदसद्विवेकातून उपजलेले नाहीत. ते नर्मदेच्या काठावरील माणसांनी लढून मिळवले आहेत.

धड्याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. जागतिक बँक बाहेर पडली, पण धरण थांबले नाही. ते देशातील पैशावर पुढे गेले आणि २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले. परदेशी धनकोला जे प्रश्न विचारता आले, ते देशी धनकोला विचारण्याची कोणतीही बंधनकारक यंत्रणा नव्हती. म्हणून लढ्याची आघाडी आता आपल्याच बँकांच्या दारात आहे.

सरकारी खरेदी आणि कंत्राटे यांचीही हीच कथा आहे. अविभाजित मध्य प्रदेशाच्या औद्योगिक महामंडळाने १९९८ साली दुर्गजवळील बोरई येथे शिवनाथ नदीचा सुमारे तेवीस किलोमीटरचा पट्टा बावीस वर्षांसाठी एका खाजगी कंपनीच्या हवाली केला. किमान ठराविक पाण्याचे पैसे महामंडळाने द्यायचेच, पाणी खपो वा न खपो, अशी करारातील अट होती. काठच्या गावांना मासेमारीपासून रोखले गेले. छत्तीसगढ विधानसभेच्या लोकलेखा समितीने २००७ साली हा करार रद्द करण्याची शिफारस केली. करारावर सही करताना काठच्या ग्रामसभांना विचारले असते, तर समितीवर ही वेळ आली नसती. सर्वांत कमी दराची निविदा हा एकच निकष जेथे चालतो, तेथे तो कमी दर कंत्राटी कामगाराच्या मजुरीतून आणि सुरक्षेच्या साधनांतून कापून काढला जातो.

हसदेव अरण्यात आज हेच घडत आहे. खाण राजस्थानच्या सरकारी वीज कंपनीची, उत्खननाचे कंत्राट अदानी समूहाकडे, आणि जंगल गोंड आदिवासींचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये गावकरी सुमारे तीनशे किलोमीटर चालत रायपूरला आले. २६ जुलै २०२२ रोजी छत्तीसगढ विधानसभेने तेथील खाणींविरुद्ध एकमताने ठराव केला. तरीही वृक्षतोड थांबलेली नाही.

यावर आपल्याच कामगार बांधवांकडून एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकता येणार नाही. कारखाने बंद पडले तर रोजी कोठून मिळणार? आपली मागणी कारखाने बंद करण्याची नाही. धूळ पकडणारी यंत्रे अखंड चालावीत, कामगाराला कायम नोकरी आणि वैद्यकीय तपासणी मिळावी, आणि यांचा खर्च नफ्यातून व्हावा, ही आपली मागणी आहे. उरल्याचा कामगार आणि पुरानी बस्तीतील रहिवासी यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात केवळ मालकाचा लाभ आहे. दोघांच्याही श्वासात धूळ एकच जाते.

म्हणून पुढील मागण्या पक्षशाखांनी आणि जनसंघटनांनी हाती घ्याव्यात. मोठ्या प्रकल्पकर्जापूर्वी सामाजिक आणि पर्यावरणीय तपासणी कायद्याने सक्तीची करावी, आणि तिचा अहवाल लोकभाषेत प्रसिद्ध व्हावा. अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनाधिकार कायदा यांनुसार ग्रामसभेच्या निर्णयाशिवाय कर्जाचा एक पैसाही सुटू नये. प्रदूषणाच्या अटी मोडणाऱ्याचे पुढील हप्ते रोखावेत. सरकारी निविदेत किमान वेतन आणि सुरक्षा यांना दराइतकेच वजन द्यावे. बँकांच्या संचालक मंडळांवर कर्मचारी आणि ठेवीदार यांचे प्रतिनिधित्व खरेखुरे असावे.

बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना, कारखान्यांतील युनियन आणि खाणग्रस्त गावे या तिन्ही शक्ती आज वेगवेगळ्या वाटांनी लढत आहेत. कर्जाची फाईल पहिल्याला दिसते, भट्टी दुसऱ्याला आणि उजाड झालेली जमीन तिसऱ्याला. हे तिघे एकत्र आले, तर जोखीम कोणाची आणि नफा कोणाचा हा हिशेब बंद दाराआड राहणार नाही. त्यांना एकत्र आणणे हे आपल्या शाखांचे तातडीचे कार्य आहे.