तलवार, खंजीर की हातोडा?

‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा संगणकीय खेळ तुमच्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने चार-साडेचार वर्षे एकट्याने खपून तो तयार केला आणि 2016 साली तो प्रसिद्ध झाला. आजोबांनी मागे ठेवलेली पडीक जमीन साफ करायची, बी पेरायचे, पाणी घालायचे, असा हा खेळ. पण अवजारे सुधारायची तर तांबे आणि लोखंड लागते. ते खाणीत मिळते आणि खाणीत तऱ्हेतऱ्हेचे राक्षस असतात. म्हणून या शेतकऱ्याच्या हाती शस्त्रही येते. जवळून लढायला तलवार, खंजीर आणि हातोडा असे तीन प्रकार आहेत. (गलोलही आहे, पण तिचा विचार आज नको.)

यांतले सर्वांत चांगले कोणते, असे कोणी विचारले की तयार याद्या पुढे येतात. पहिल्या क्रमांकावर अमुक, दुसऱ्यावर तमुक. माझे स्पष्ट मत असे, की हा प्रश्नच अपुरा आहे आणि अपुऱ्या प्रश्नाचे उत्तर पाठ करण्यात काही हशील नाही. खाणीत मूर्च्छा आली तर नाणी जातात, काही वस्तूही जातात. खेळातला दिवस आपल्या घड्याळाने जेमतेम चौदा मिनिटांचा. तो वाया जातो तो वेगळाच. तेव्हा प्रश्न नीट मांडलेला बरा.

गॅलक्सी नावाची शस्त्रे घेऊ. गॅलक्सी तलवारीचा एक घाव 60 ते 80 गुणांचा, हातोड्याचा 70 ते 90 आणि खंजिराचा 30 ते 40. सरासरी अनुक्रमे 70, 80 आणि 35. दुकानातल्या किमती 50,000, 75,000 आणि 35,000 नाणी. हातोडा सरस ठरला ना? जरा थांबा. हातोडा उगारून खाली यायला वेळ लागतो. तलवारीचे 8 घाव म्हणजे सरासरी 560 गुण आणि हातोड्याचे 7 घाव म्हणजेही 560. तलवारीचे आठ घाव होतात तेवढ्या वेळात हातोड्याचे सात झाले, तर सामना बरोबरीत. त्याहून कमी झाले तर जादा मोजलेली 25,000 नाणी कशासाठी?

हा वेळ मोजायचा कसा? प्रयोगशाळेत दोलकाचे एक आंदोलन आपण कधी मोजत नाही. वीस मोजतो आणि भागाकार करतो. इथेही तसेच करा. मोकळ्या जागी उभे राहून वीस घाव घाला, मित्राला थांबघड्याळ धरायला सांगा, तीनदा करा आणि सरासरी काढा. तुमचे बोट हाही या उपकरणाचाच एक भाग आहे, म्हणून दुसऱ्याचे उत्तर तुमच्या उपयोगी पडेलच असे नाही.

पण खरी गंमत याच्या पुढे आहे. राक्षस सरासरीने मरत नाहीत, ते पुऱ्या घावांनी मरतात! काजळीच्या गोळ्यासारख्या डस्ट स्प्राइटचे प्राण 40 गुणांचे. तलवारीचा सर्वांत हलका घावही 60 गुणांचा, म्हणजे काम एकाच घावात संपले. तिथे हातोड्याचे जादा दहा गुण फुकट जातात आणि केवळ वेग उरतो. आता स्कल कॅव्हर्न या गुहेतला उडता सर्प घ्या. त्याचे प्राण 150. तलवारीच्या दोन घावांत तो मरेल काय? 60 पासून 80 पर्यंत 21 पूर्णांक आहेत. प्रत्येकाची शक्यता सारखी धरली तर दोन घावांच्या 21 × 21 = 441 जोड्या होतात. त्यांपैकी 150 किंवा अधिक बेरीज येणाऱ्या जोड्या फक्त 66, म्हणजे शेकडा 15. हातोड्याच्या बाबतीत अशा जोड्या 386, म्हणजे शेकडा 87 हून अधिक! तलवारीला बहुधा तिसरा घाव लागणार, हातोडा बहुधा दोनांत काम उरकणार. सरासरीच्या हिशेबात आठास सात असे नाते होते. सर्पापुढे ते जवळजवळ तीनास दोन झाले. शस्त्रे तीच, फक्त समोरचा प्राणी बदलला.

खंजिराची तरफदारी करणारे ‘क्रिटिकल’ घावाकडे बोट दाखवतात. साध्या तलवारीला अशा घावाची शक्यता 2 टक्के असते आणि तो तिप्पट लागतो. शंभर घावांपैकी 98 साधे, 2 तिप्पट. एकूण 104 घावांचे काम. वाढ अवघी 4 टक्के. खंजिराला ही शक्यता थोडी जास्त असते हे खरे, पण 35 ची सरासरी 70 पर्यंत न्यायला ‘थोडी’ पुरत नाही. शिवाय खंजीर समोरच भोसकतो, तर तलवार अर्धवर्तुळात फिरते आणि एका फटक्यात तिघांना लागू शकते. म्हणून खाणीच्या गर्दीत मी तलवार घेईन आणि सर्पांच्या गुहेत उतरताना हातोडा.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. संभाव्यतेच्या तासाला नाणी आणि फासे नेहमीचेच. एकदा हा सर्प फळ्यावर काढून पाहा. आणि विद्यार्थ्यांनो, सर्पाच्या जाड कातडीमुळे प्रत्येक घावातून 2 गुण वजा होतात असे धरा. मग 441 पैकी तलवारीच्या किती जोड्या पुरतात आणि हातोड्याच्या किती? आधी अंदाज वहीत लिहा, मग मोजा.