मोडीच्या भावात वारसा

‘जुने ते सोने’ ही म्हण मराठी घरांत वारंवार उच्चारली जाते. परंतु त्याच घरांतील जुने पितळ मात्र तागडीत पडते आणि मोडीच्या भावाने विकले जाते. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी अथवा बुधवारी फेरफटका मारल्यास या विसंगतीचा प्रत्यय येतो. तेथे मांडलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर पुष्कळदा नावे कोरलेली आढळतात. कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी दिले, याची ती छोटीशी नोंदवहीच असते. घेणाऱ्यास ती दुर्मिळ वस्तू वाटते. विकणाऱ्या घरास तिचे केवळ वजन दिसलेले असते.

मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर चित्रपटांची जुनी भित्तिपत्रके, ध्वनिमुद्रिका आणि भिंतीवरची घड्याळे यांमध्ये रमणारे रसिक अनेक आहेत. दिल्लीच्या दर्यागंजमधील रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये महिला हाटच्या आवारात हलविण्यात आला, तरी ग्रंथप्रेमींनी त्याची वाट सोडली नाही. मात्र अशा बाजारात घबाड मिळेल या आशेने जाणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते. पितळी कर्ण्याचे ‘जुने’ ग्रामोफोन आजही नव्याने घडवून विकले जातात. तेथे उपयोगी पडते ते पैशाचे पाकीट नव्हे, तर जाणती नजर आणि चिकाटी.

या नजरेचा आदर्श म्हणजे दिनकर केळकर. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने दिवे, अडकित्ते, कुलपे, वाद्ये अशा नित्याच्या वस्तू गावोगाव फिरून जमविल्या. इतरांनी अडगळीत टाकलेल्या वस्तूंत त्यांना कारागिराचा हात दिसला. दिवंगत पुत्र राजाच्या नावे उभारलेला हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. किंमत वाढेल म्हणून त्यांनी संग्रह केला नाही. म्हणूनच तो अमोल ठरला.

याउलट उदाहरण १९३१ सालच्या ‘आलम आरा’चे. भारताच्या या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळच्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असे आणि तेवढ्यासाठी कित्येक जुनी रिळे विकली गेली. चांदी काही रुपयांची निघाली असेल. गेले ते मात्र कोणत्याही किमतीस परत मिळणारे नाही.

हौसेला कायद्याचे भानही हवे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलावस्तू, तसेच किमान ७५ वर्षे जुने महत्त्वाचे हस्तलिखित ‘पुरावस्तू’ ठरू शकते. शिल्पे, चित्रे यांसारख्या ठरावीक प्रकारांची नोंदणी आवश्यक असते, पुरावस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. जुन्या नोटा व नाणी यांबाबतही सावधगिरी बाळगावी. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून अशा खरेदी-विक्रीसाठी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. ‘जुन्या नाण्याचे लाखो रुपये’ या आमिषापायी खात्यातील कष्टाची पुंजी गमावणे शहाणपणाचे नव्हे.

शहरातील दोन खोल्यांच्या घरात आजोबांचे घंगाळ ठेवायचे कोठे, हा प्रश्न रास्त आहे. सर्वच वस्तू जपणे शक्य नसते आणि तसा आग्रहही नको. परंतु विकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना त्या वस्तूची हकीकत विचारावी, भांड्यावरील अक्षरे वहीत उतरवून घ्यावीत, छायाचित्र काढावे. मोडी लिपीतील कागदांचे गाठोडे रद्दीत घालण्याआधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवावे. यासाठी खर्च फारसा नाही. लागतो तो थोडा वेळ.

बाजारात कोणाला तरी सापडणारा प्रत्येक ठेवा आधी कोणाच्या तरी माळ्यावर पडून असतो. म्हणून शोधाची खरी सुरुवात आपल्याच घरातून व्हावी. दारावर तागडी येण्यापूर्वी एकदा माळ्यावर चढून पाहणे उत्तम.