लगडीला आठवण नसते

बँकेत असताना काही वर्षं मी सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बसलो. सराफ दागिना कसोटीवर घासायचा, लाखेचं अन् खड्यांचं वजन वजा करायचा आणि आकडा सांगायचा. घडणावळीची किंमत शून्य. एकदा एका आजींनी विचारलं, "साहेब, माझ्या सासूबाईंची ठुशी आहे हो ती. एवढेच?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ते पुढे पेरूच्या इतिहासात सापडलं.

१९८७ साली उत्तर पेरूत, सिपान गावाजवळ, कबरचोरांनी उकरलेल्या टेकाडात वॉल्टर आल्वा या पुरातत्त्वज्ञाला मोचे संस्कृतीतल्या एका अधिपतीची न लुटलेली कबर सापडली. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची. त्याच्या अंगावर भुईमुगाच्या शेंगांची माळ होती : उजवीकडे दहा सोन्याच्या, डावीकडे दहा चांदीच्या. ही हौस नव्हे, ते पद होतं.

अँडीजमधले कारागीर तांब्यात सोनं मिसळून पत्रा ठोकत, तापवत आणि वर काजळून आलेलं तांबं काढून टाकत. असं वारंवार केलं की पृष्ठभागावर सोनं उरे. आपण त्याला मुलामा म्हणून नाक मुरडू. पण हेदर लेक्टमन या अभ्यासिकेने त्यातला वेगळा भाव दाखवला : बाहेरचं तेज आतूनच आलेलं असावं.

स्पॅनिश आले ते तराजू घेऊन. पिझारोने १५३२ मध्ये काहामार्का इथे इंका सम्राट अताहुआल्पाला पकडलं. सुटकेसाठी त्याने एक खोली सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून देऊ केली. १५३३ मध्ये ते दागिने, ती भांडी वितळवून सुमारे सहा टन सोनं निघालं. सम्राटाला मारलं ते मारलंच. इंका सरदारांच्या कानांतल्या मोठ्या चकत्यांवरून हेच लोक त्यांना 'ओरेहोन', म्हणजे मोठ्या कानांचे, म्हणत. अर्थ कळत होता. तरी मोजलं ते वजनच.

त्या जुन्या मानाचे गोडवे मला गायचे नाहीत. सिपानच्या अधिपतीसोबत इतर माणसंही पुरलेली होती. पण हेही आपल्याला कळलं ते दागिने आणि हाडं जागच्या जागी राहिली म्हणून. लगड वैभवाची साक्ष देत नाही, अन् क्रौर्याचीही नाही.

त्या आजी आज भेटल्या तर सांगेन : बँक वजनच मोजणार, आजी. घडण मात्र तुम्हीच जपायची.