फाटकावरचा हवालदार

पुण्याच्या खडकी-दापोडी परिसरात बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. येथे घडलेला जवान नदीवर पूल टाकतो, भूसुरुंग निकामी करतो, हिमालयातील थंडीत बंद पडलेले जनरेटर सुरू करतो. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकात चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर नवा पादचारी पूल उभारण्याचे काम लष्कराच्या अभियंत्यांकडेच सोपवावे लागले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. असा जवान निवृत्त झाला की मात्र चाकण किंवा हिंजवडीच्या फाटकावर वहीत गाड्यांचे क्रमांक टिपताना दिसतो. पहाऱ्याचे काम हलके नव्हे. पण आतले यंत्र दुरुस्त करू शकणारा माणूस बाहेर उभा ठेवणे हा राष्ट्राच्या संपत्तीचा अपव्यय आहे.

देशात दरवर्षी सुमारे ६० हजार सैनिक निवृत्त होतात. बहुतेकांचे वय पस्तिशी-चाळिशीचे. मुलांची शिक्षणे व्हायची असतात, घराचे कर्ज फिटायचे असते. हातात विद्या असते, कागद नसतो. कारखाना आयटीआयचे वा पदविकेचे प्रमाणपत्र मागतो. केंद्र सरकारच्या नियमानुसार पंधरा वर्षे सेवा झालेल्या दहावी उत्तीर्ण सैनिकाला ‘क’ गटाच्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरता येते, पण तांत्रिक वा व्यावसायिक अनुभवाची गरज नसलेल्या पदांपुरतेच. म्हणजे कारकुनीसाठी त्याची सेवा चालते, तंत्रकामासाठी नाही!

याच खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना उद्योग शिकविण्यासाठी १९१७ साली तिची स्थापना झाली आणि दिव्यांग सैनिकांसाठी ती आजही काम करते. लढून आलेल्या माणसाला केवळ पेन्शन पुरत नाही, हुन्नर द्यावा लागतो, हे परकीय राजवटीलाही कळले होते. मग धडधाकट सैनिकासाठी तशी व्यवस्था तोकडी का पडावी?

पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. परंतु काही आठवड्यांच्या वा महिन्यांच्या वर्गात सीएनसी यंत्राची भाषा आणि पदविकेचे गणित दोन्ही बसत नाही. चाळिशीतल्या हवालदाराला पान्हा अडत नाही, त्याला बीजगणित आणि इंग्रजी अडते. अठरा वर्षांच्या मुलांच्या बाकावर बसण्याचा संकोचही असतो, तो कोणी बोलून दाखवीत नाही. म्हणून शिक्षण सेवेच्या अखेरच्या दोन-तीन वर्षांतच सुरू व्हावयास हवे आणि लष्करात केलेल्या कामाला पदविकेत गुण मिळावयास हवेत. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाण नाही. त्यांच्या कार्यशाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात. निवृत्त प्राध्यापकही या शहरात कमी नाहीत. गणिताचा एक वर्ग चालविण्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे राहिलेले नाही. २०२२ मध्ये घोषित झालेल्या अग्निपथ योजनेच्या मूळ तरतुदीनुसार चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर सेवेत कायम व्हावयाचे आहेत. पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपू लागते. उरलेले तरुण विशीतले असतील. त्यांना पेन्शन नाही, पण शिकण्याचे वय मात्र हाती आहे. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून ते पुण्याकडेच येतील, आणि तेव्हा चाकणच्या कारखान्याने त्यांना कोणत्या दाराने आत घ्यावयाचे, हे ठरविण्यास फार अवधी उरलेला नाही.