गळाला आधी कोण लागतो?



भाताची कापणी उरकली, झोडणी झाली, पेंढा रचून झाला की मावळातल्या माणसाला चार दिवस जरा उसंत मिळते. मग पोरांची पावले आपसूक पाण्याकडे वळतात. मुळशी तालुक्यात पाण्याला काय तोटा? मुळा आहे, धरण आहे, ओढे आहेत. बांबूची काठी, दोरी, गळ आणि करवंटीत ओल्या मातीतली गांडुळे, एवढ्या सामानावर पिढ्यान् पिढ्यांनी मासे धरले.

हल्ली करवंटीच्या जागी प्लास्टिकची डबी आली आहे. डबीत कप्पे आणि कप्प्यांत रंगीबेरंगी खोटे मासे, रबरी बेडूक, चकाकणाऱ्या पितळी चकत्या. मोबाईलच्या पडद्यावर कोणीतरी असले आमिष पाण्यात फेकतो आणि मिनिटभरात मांडीएवढा मासा ओढून काढतो. ते पाहून घरातला पोरगा पार्सल मागवतो. मग दिवसभर फेकून फेकून खांदे भरून येतात आणि संध्याकाळी पिशवी रिकामीच. पोरगा म्हणतो, “माल खोटा निघाला.” आई म्हणते, “एवढ्या पैशात बाजारातून चार वेळा मासे आले असते.”

दोघांचेही खरे आहे, पण अर्धेच. खोटे आमिष फसते त्याला कारणे असतात. ती समजली तर पैसा वाचतो आणि कधीमधी मासाही घरी येतो.

मासा कोणता?

पहिले कारण अगदी साधे. खोट्या माशाला तोंड घालणारा मासा मुळात दुसरे मासे खाणारा हवा. आपल्या तळ्यांत आणि धरणांत बीज सोडतात ते बहुतेक कटला, रोहू आणि मृगळ यांचे. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो वरच्या थरातले डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात शेवाळ नि पालापाचोळा टिपतो. मृगळ तळाचा गाळ चाळतो. या तिघांपुढे पितळी चकती नाचवणे म्हणजे बैलापुढे मटणाचे ताट ठेवण्यासारखे आहे. त्यांना कणकेची नाहीतर पेंडीची गोळीच बरी.

खोट्या आमिषावर धावणारा आपल्याकडचा खरा गडी म्हणजे मरळ. तो शिकारी आहे. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि बेडूक उडी मारताना दिसला की झडप घालतो. रबरी बेडूक त्याच्यासाठी योग्य, पण तो गवताच्या कडेला टाकायला हवा. मोकळ्या खोल पाण्यात तो बेडूक दिवसभर पोहत बसेल.

दुसरा महसीर. या माशाचे आपल्या भागाशी जुने नाते आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या महसीराची शास्त्रीय नोंद १८३९ साली केली आणि त्याला ‘खुद्री’ हे आपल्या बोलीतलेच नाव दिले. आजही जगभरच्या पुस्तकांत हा मासा त्याच नावाने ओळखला जातो. महसीर फळे, शेवाळ, किडे, शिंपले, छोटे मासे असे सगळेच खातो. म्हणून वाहत्या पाण्यात तो चकतीला लागतो. पण आज त्याचे मन फळावर असेल, तर चकतीकडे तो ढुंकूनही पाहणार नाही.

आता पार्सलमधल्या डबीकडे परत पाहा. तिच्यातले पुष्कळ नमुने अमेरिकेतल्या ‘बास’ नावाच्या माशासाठी घडवलेले असतात. तो मासा मुळशीच्या पाण्यात नाही. सोलापूरच्या ज्वारीचे बी कोणी ताम्हिणीच्या पावसात पेरले आणि मग बियाण्याला शिव्या दिल्या, तर आपण काय म्हणू?

पाणी कसे?

माशाला आमिष कळते ते तीन वाटांनी. डोळ्यांनी, वासाने-चवीने आणि अंगाने. अंगाने म्हणजे कसे? मासा हातात घेऊन पाहा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत दोन्ही कुशींवर एक बारीक रेघ दिसेल. त्या रेघेत पाण्याची थरथर ओळखणारी यंत्रणा असते. जवळून दुसरा मासा गेला तर अंधारातही त्याला कळते.

आषाढ-श्रावणात ओढ्यांचे लाल पाणी उतरते तेव्हा हातभर अंतरावरचे दिसत नाही. त्या दिवसांत चकचकीत रंगाचा काय उपयोग? तेव्हा वास आणि थरथर यांवरच काम चालते. म्हणून गढूळ पाण्यात गांडूळ हजार रुपयांच्या खोट्या माशाला हरवते. गांडूळ वळवळते, त्याला वास आहे, चव आहे. मिशांनी चव घेत तळ धुंडाळणारा शिंगाळ्यासारखा मासा गांडुळाला शोधत येतो. प्लास्टिकला चव नाही.

मार्गशीर्ष-पौषात पाणी निवळते, तेव्हा डोळ्यांचे काम सुरू होते. तरी रंगाने फसू नका. स्वच्छ पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी विरतो. दोन-तीन पुरुष खोल गेले की दुकानात लालभडक दिसणारे आमिष काळपट होऊन जाते. दुकानातला रंग दुकानातल्या उजेडात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी दिलेला असतो.

लंगडणारा मासा

मग ही खोटी आमिषे कधीच चालत नाहीत काय? तसे नाही. फिनलंड देशातल्या लौरी रापाला नावाच्या गरीब कोळ्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. सरोवरात मासे धरताना त्याने पाहिले की, मोठा शिकारी मासा छोट्या माशांच्या थव्यात शिरतो तेव्हा नेमका तोच मासा उचलतो, जो जरा वाकडा, लंगडत पोहतो. कळपातली लंगडी शेळीच लांडगा हेरतो ना, तसे. रापालाने १९३६ साली बुचाच्या लाकडापासून एक मासा कोरला. त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवला आणि फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून त्याचा लेप दिला. दिसायला तो काही फार देखणा नव्हता. पण पाण्यात ओढला की जखमी माशासारखा डुलायचा. त्यावर रापालाचे घर चालले आणि पुढे त्याच्या नावाची कंपनी जगभर पोचली.

यातले मर्म ध्यानात घ्या. रापालाने आधी मासा पाहिला आणि मग आमिष घडवले. त्याची किंमत रंगात नव्हती, डुलण्यात होती. स्वस्त नकलेत रंग हुबेहूब उतरतो, डूल उतरत नाही. म्हणून नवे आमिष आणले की आधी काठच्या उथळ पाण्यात दोरीने ओढून पाहा. डुलत असेल तर ठेवा. गरगर फिरून दोरीला पीळ घालत असेल, किंवा ओंडक्यासारखे सरळ येत असेल, तर ते शोभेचे समजा.

हात कसा, हाही प्रश्न आहेच. हलके आमिष जाड दोरीला बांधले तर ते लांब जातच नाही. चकती फार हळू ओढली तर फिरत नाही आणि खाली बसते. मुळशीच्या तळाशी तर काय नाही? हे धरण होताना गावे गेली, भाताची खाचरे गेली. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला तो याच जमिनींसाठी. पुढे १९२७ साली या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. ते जुने बांध आणि दगड आजही पाण्याखाली आहेत. तिथे गळ अडकला की महागाचे आमिष दोरीसकट आजोबांच्या खाचरात कायमचे राहते.

मासाही शिकतो

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. मासा आपण समजतो तेवढा बावळट नाही. हॉलंडमध्ये बेऊकेमा नावाच्या संशोधकाने १९७० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तळ्यातले ‘पाइक’ जातीचे शिकारी मासे धातूच्या फिरत्या आमिषावर धरायचे आणि परत सोडायचे. एकदा लागलेले मासे त्या आमिषापासून दूर राहू लागले. पण जिवंत माशाच्या आमिषाला ते पूर्वीसारखेच लागत राहिले. खोटे ओळखायला ते शिकले, खरे अन्न मात्र सोडता येत नव्हते.

आता विचार करा. धरणाच्या ज्या कोपऱ्यात दर रविवारी शहरातली दहा-वीस मंडळी एकाच तऱ्हेच्या चकत्या फेकतात, तिथल्या माशांची शाळा किती झाली असेल!

चार सावधगिरीच्या गोष्टी

पहिली. ज्या पाण्यात गळ टाकायचा, तिथे मासे धरायची मोकळीक आहे का ते आधी विचारा. जलाशयातल्या मासेमारीचे हक्क ठरलेले असतात. धरणाच्या भिंतीजवळ आणि सांडव्याकडे तर फिरकूच नये. शेवाळलेल्या दगडावर उभे राहून अडकलेला गळ सोडवण्याचा हट्ट करू नका. दोरी कापा, घरी या.

दुसरी. पावसाळ्यात मरळ आपल्या पिल्लांची राखण करतो. पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला तर त्याखाली आईबाप आहेत असे समजा. तेव्हा तो भुकेने नव्हे, पिल्लांच्या काळजीने रबरी बेडकावर धावतो. खोटे आमिष सर्वांत हमखास चालते ते याच वेळी, आणि नेमके याच वेळी ते टाकू नये. आईबाप गेले की पिल्ले दुसऱ्यांच्या पोटात जातात आणि पुढच्या वर्षीचे तुमचेच पाणी रिकामे होते.

तिसरी. महसीर लागला तर ओल्या हाताने अलगद सोडून द्या. या जातीचे बीज तयार करून पाण्यात सोडण्याचे काम टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण येथे १९७० नंतरच्या दशकात हाती घेतले. मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा होता. एवढ्या खटपटीने जपलेला मासा एका जेवणात संपवण्यात काय अर्थ?

चौथी बाब घरातल्या बायांसाठी. खोट्या आमिषाला बहुधा तीन तोंडांचे गळ असतात. डबी लहान पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. गळाचे उलटे काटे पकडीने चेपून टाकले तर धोका कमी होतो. बोटात गळ खोल रुतलाच तर ओढाओढ न करता दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नका. ती गुरांच्या पायात आणि बगळ्यांच्या गळ्यात अडकते.

मग घ्यावे तरी काय?

हौस करूच नये असे आम्ही म्हणत नाही. पण डबीभर घेण्याऐवजी दोनच वस्तू घ्या. गवताळ काठासाठी एक रबरी बेडूक आणि वाहत्या पाण्यासाठी एक चकती. चकती तर घरीही होते. स्टीलच्या जुन्या चमच्याची दांडी कापा, कडा कानसीने घासा, दोन टोकांना भोके पाडा. एका भोकात कडी घालून गळ अडकवा. दुसऱ्या भोकात फिरती कडी घालून दोरी बांधा, म्हणजे पीळ पडणार नाही. जगातले पहिले चकतीचे आमिष अशाच एका पाण्यात पडलेल्या चमच्यावरून सुचले, अशी अमेरिकेत आख्यायिका आहे. तिथल्या ज्युलिओ ब्युएलने १८५२ साली त्याचे पेटंट घेतले. चमचा बिघडला तर नुकसान चमच्याचेच.

आणि सामान घेण्याआधी काठावर जाऊन विचारा. पिढ्यान् पिढ्या या पाण्यावर जगलेली कातकरी आणि भोई मंडळी आजही आहेत. कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, कोणता मासा कशाला लागतो हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. ते पार्सलने येत नाही. गोडीने विचारलेत तर सांगतील.

मंडळी, मासा न मिळाल्याने कोणाचे घर बसत नाही. पण हीच गत बियाण्याच्या पाकिटाची, फवारणीच्या टॉनिकची आणि ‘दुप्पट दूध’ देणाऱ्या पावडरीची असते. पाकिटावर हातभर कणीस छापलेले असते, कारण ते पाकीट पिकाला दाखवायचे नसते, आपल्याला दाखवायचे असते. तिथे चुकले तर मात्र वर्ष जाते, कर्ज चढते. म्हणून आमिषाच्या दुकानात विचारायचे तेच प्रश्न तिथेही विचारा. हे कोणासाठी घडवले? माझ्या जमिनीत, माझ्या पाण्यात कोणी वापरून पाहिले? कोणत्या हंगामात चालते? उत्तर मिळाले नाही तर एक गुंठ्यावर करून पाहा. बाकीचे शिवार नेहमीच्या बियाण्याला राहू द्या.

पोराला रागावू नका. त्याच्याबरोबर एक दिवस काठावर जाऊन बसा. एका गळाला गांडूळ लावा, दुसऱ्याला त्याचे रंगीत आमिष. कोणत्या माशाने कोणते उचलले, पाणी कसे होते, वेळ कोणती होती, हे त्याला वहीत लिहायला सांगा. चार रविवारांत त्याला जे कळेल ते डबीवर छापलेले नसेल, आणि पुढे तोच पोरगा बियाण्याचे पाकीट विकत घेताना ते उलटून मागची बाजूही वाचील.