पोत्यांतली भूतदया

मागचे पाय लुळे पडलेलें आणि मलमूत्राचा ताबा सुटलेलें मांजर आमच्या सुशिक्षित घरांत फार दिवस टिकत नाहीं. एके रात्रीं तें पोत्यांत घालून गोदावरीच्या पैलतीरीं किंवा मोंढ्याच्या मागें सोडण्यांत येतें, आणि मुलांस सांगण्यांत येतें कीं, त्याला मोकळें केलें! ज्याला चालतां येत नाहीं त्याला मोकळें करणें म्हणजे कुत्र्यांच्या किंवा उपासमारीच्या स्वाधीन करणें होय, हें सांगणारास ठाऊक असतें. तरीही या कृत्यास दया म्हणावें, असा त्याचा आग्रह असतो. आमचा वाद या आग्रहाशीं आहे.

काशीची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखीं रिकामी करणारे एकनाथमहाराज पैठणचे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची नरसी तर नांदेडहून फारशी दूर नाहीं. हीं आख्यानें कीर्तनांत आलीं म्हणजे डोळे पुसणारांची आमच्याकडे वाण नाहीं. परंतु तें गाढव आणि तें कुत्रें वाटेवरचीं होतीं. हें मांजर घरांत वाढलेलें, घरच्या दुधावर पोसलेलें. त्याचा हक्क अधिक कीं उणा?

पहिला आक्षेप घाणीचा. यांत अज्ञानाचा भाग मोठा आहे. कण्याला किंवा शेपटीच्या मुळाला इजा झाली म्हणजे मूत्राशयाच्या नसा निकामी होतात. पुष्कळदां लघवी आंत तुंबते आणि भरून वाहणारी तेवढीच बाहेर ठिबकते. पशुवैद्याकडून रीत शिकून घेऊन दिवसांतून दोन-तीन वेळां पोटावर बेताचा दाब दिला तर मूत्राशय रिकामें होतें. ठिबकणें कमी होतें आणि आंत विकार होण्याचें भयही घटतें. न शिकतां मात्र हा प्रयोग करूं नये. मागील अंगाचे केस कातरावे, कातडी कोरडी ठेवावी, जुन्या लुगड्याच्या घड्या अंथरून त्या रोज धुऊन उन्हांत टाकाव्या. फिनेल मात्र वापरूं नये, तें मांजरास विषारी आहे. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर त्याचा प्राण घेते. शेपटीच्या इजेंत कांहीं आठवड्यांत नसा सुधारल्याचीं उदाहरणें आहेत. पहिल्याच आठवड्यांत पोतें शोधणारा ही संधीही नाकारतो.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो आम्ही हंसण्यावारी नेणार नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. तेथील गृहिणीस घागरीचें मोल शिकविण्याची आमची छाती नाहीं. परंतु त्या उन्हाळ्यांतही घरोघर तान्हीं मुलें होतीं, अंथरुणास खिळलेल्या आज्या होत्या. त्यांचीं दुपटीं वापरलेल्या पाण्यांत खळबळून कां होईना, धुतलीं गेलींच. मांजरासाठीं कोरडी माती आणि ओल्या फडक्यानें पुसणें एवढ्यावरही पुष्कळ भागतें.

तिसरा प्रश्न कोणी उघड विचारीत नाहीं: हें सारें करावयाचें कोणीं? भूतदयेवर बोलतात यजमान, आणि दुपटीं धुते सून. तिनें कंटाळून ‘नको हें मांजर’ म्हटलें तर तीच निर्दय ठरते. आमच्या मतें ज्याला मांजर ठेवण्याचा आग्रह धरावयाचा असेल त्यानें प्रथम स्वतःच्या हातानें त्याचें मूत्राशय रिकामें करावयास शिकावें. घरांत गर्भवती असेल तर तिला त्याची विष्ठा मुळींच हाताळूं देऊं नये. ती दुसऱ्यानें रोजच्या रोज उचलावी. पुरुषाच्या दयेचा खर्च बाईच्या कंबरेवर टाकणें ही दया नव्हे.

इतकें करूनही वेदना शमत नसतील, तर पशुवैद्याच्या हातून शांत मरण देण्यास आमची हरकत नाहीं. गुरांचा दवाखाना जवळपास असतो. परभणी व उदगीर येथें पशुवैद्यकीय महाविद्यालयें आहेत. मात्र निर्णय जनावराच्या वेदनेवरून व्हावा, आपल्या नाकावरून नव्हे. उपासमार होईल अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा ठरविला आहे, आणि पहिल्या वेळीं दंड १० ते ५० रुपये आहे! इतक्या स्वल्प दंडाचें भय कोणास वाटणार? म्हणून हें काम घरच्या संस्कारानेंच व्हावयास हवें.

कारण मुलें पाहत असतात. जो जीव स्वतःचें मलमूत्र आवरूं शकत नाहीं त्याला घरांत जागा नाहीं, हा धडा त्यांनीं एकदां घेतला म्हणजे तो मांजरापाशीं थांबेल, अशी हमी कोण देणार? आपणा सर्वांसच म्हातारपण यावयाचें आहे. ज्यांस ही शुश्रूषा झेपत नाहीं त्यांनीं तसें स्पष्ट म्हणावें, ती करणारें दुसरें घर शोधावें किंवा वैद्याचा सल्ला घ्यावा. त्यांत कमीपणा नाहीं. पोत्याचें तोंड बांधतांना देवाचें नांव मात्र घेऊं नये.